मुद्दल आलं, आता व्याजही मागून घ्या

पत्र: मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या क्रेडिट सोसायटीचा सेक्रेटरी आहे. करनिर्धारण वर्ष २०१७-१८ साठी इन्कम टॅक्सने आमची ८०-पी ची, म्हणजे सहकारी संस्थांना उत्पन्नावर मिळणारी, वजावट नाकारली आणि डिसेंबर २०१९ मध्ये १४,६०,००० रुपयांची डिमांड काढली. वसुलीला स्थगिती मिळावी म्हणून २० टक्के, म्हणजे २,९२,००० रुपये आम्ही १८ फेब्रुवारी २०२० रोजी भरले. पुढं १२ जानेवारी २०२१ रोजी करनिर्धारण वर्ष २०२०-२१ चा आमचा टीडीएसचा (आधीच कापल्या गेलेल्या कराचा) १,८४,००० रुपयांचा रिफंडही त्याच डिमांडीत वळता करून घेतला गेला. १० सप्टेंबर २०२४ ला अपिलाचा निकाल पूर्णपणे आमच्या बाजूनं लागला. २७ मार्च २०२५ ला सोसायटीच्या खात्यावर ४,९२,६६० रुपये जमा झाले. आता पंच कमिटीत दोन मतं पडली आहेत. चेअरमन म्हणतात, व्याज फारच कमी आलंय, मागूया. एक जुने डायरेक्टर म्हणतात, 'आलं ते गपचूप घ्या. व्होडाफोनला सुप्रीम कोर्टात जिंकून काय मिळालं? सरकार मागल्या तारखेपासून कायदा करतं आणि सगळं काढून घेतं. उगाच अर्ज करून फाईल उघडायला लावू नका. आलेलं व्याजसुद्धा नफ्यात धरू नका.' अपिलात आम्ही दोनदा तारीख वाढवून मागितली होती, त्याचंही व्याज कापतात म्हणे. काय करावं?

सेक्रेटरीसाहेब, नमस्कार.

व्याज मागा, आणि पंच कमिटीचा रीतसर ठराव करून मागा. तुम्ही दिलेल्या तारखा आणि आकडे धरले तर सोसायटीचे अजून १,२३,१६० रुपये येणे आहेत. ही रक्कम तुमच्या-माझ्या खिशातली असती तर सोडायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न होता. सोसायटीचा पैसा दूध घालणाऱ्या, काजू विकणाऱ्या, उद्यमबागेतल्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या सभासदांचा आहे. तो नुसत्या भीतीपोटी सोडून देण्याचा अधिकार कमिटीला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हिशेब पाहू. आयकर कायदा १९६१ च्या कलम २४४-ए प्रमाणे रिफंडवर महिन्याला अर्धा टक्का सरळ व्याज मिळतं. महिन्याचा तुकडा राहिला तर तो पूर्ण महिना धरायचा. डिमांडीपोटी भरलेला पैसा अपिलानंतर परत येतो तेव्हा व्याज पैसे भरल्या दिवसापासून रिफंड दिल्या दिवसापर्यंत मोजतात. निकाल कधी लागला याचा त्या मोजणीशी संबंध नाही.

तुमचे २,९२,००० रुपये १८ फेब्रुवारी २०२० पासून २७ मार्च २०२५ पर्यंत सरकारकडे होते. हे झाले ६२ महिने. महिन्याला १,४६० रुपयांप्रमाणे ९०,५२० रुपये. वळते करून घेतलेले १,८४,००० रुपये १२ जानेवारी २०२१ पासून अडकले, म्हणजे ५१ महिने. महिन्याला ९२० प्रमाणे ४६,९२० रुपये. दोन्ही मिळून १,३७,४४० रुपये व्हायला हवे होते. मुद्दल ४,७६,०००; तुमच्या खात्यावर आले ४,९२,६६०. म्हणजे व्याज आलं फक्त १६,६६०. हा आकडा कुठून आला तेही कळतं. ४,७६,००० वर महिन्याला २,३८० रुपये व्याज होतं, त्याला ७ ने गुणलं की बरोबर १६,६६० येतात. सप्टेंबर २०२४ ते मार्च २०२५ हे ते सात महिने. हिशेब पैसे भरल्या तारखेऐवजी अपिलाच्या निकालापासून धरला गेलाय. १,२०,७८० रुपयांची तूट इथं झाली.

राहिले २,३८० रुपये. अपिलाचा निकाल अमलात आणायला खात्याला मुदत असते: निकाल ज्या महिन्यात कमिशनरांच्या कार्यालयात पोचला, तो महिना संपल्यापासून तीन महिने. तुमचा निकाल सप्टेंबरातच पोचला असं धरलं तर ही मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. त्यानंतर रिफंड मिळेपर्यंत कलम २४४-ए च्या पोटकलम १-ए प्रमाणे वर्षाला ३ टक्के जादा व्याज देय होतं. वार्षिक दरानं व्याज मोजताना अपुरा महिना सोडून देतात, म्हणून जानेवारी आणि फेब्रुवारी असे दोनच महिने धरले. रक्कम लहान आहे, तरी अर्जात लिहा. ही तरतूद उशिरासाठीच केलेली आहे आणि ती मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही.

व्याज म्हणजे सरकारची मेहेरबानी, असा समज आपल्याकडं खोलवर आहे. तुमच्या डिमांडीचा मूळ कागद काढून पाहा. १४,६०,००० मध्ये नुसता कर नव्हता. आगाऊ कर कमी भरल्याबद्दल कलम २३४-बी खाली एप्रिल २०१७ ते डिसेंबर २०१९ असं ३३ महिन्यांचं व्याज त्यात लावलेलं असणार, आणि तेही महिन्याला १ टक्क्यानं. आपल्याकडून घेताना १ टक्का, आपल्याला देताना अर्धा टक्का. सभासदाच्या थकीत कर्जाला आणि त्याच्या ठेवीला वेगळा दर असतो हे सोसायटीला नवं नाही, पण इथं तुम्ही कर्जदार नव्हतातच. तुमचा स्वतःचा पैसा पाच वर्षं दुसऱ्यानं वापरला. २०१४ मध्ये टाटा केमिकल्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हेच तत्त्व मांडलं: जो पैसा ठेवून घेण्याचा हक्क नव्हता तो ठेवून घेतला आणि वापरला, तर भरपाई म्हणून व्याज द्यावंच लागतं.

त्या १,८४,००० बद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. अपील चालू असताना २० टक्के भरले की बाकीच्या वसुलीला साधारणपणे स्थगिती द्यावी, अशा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ३१ जुलै २०१७ च्या सूचना आहेत. त्यावर आणखी एका वर्षाचा रिफंड ओढून घेणं अनेक हायकोर्टांनी चुकीचं ठरवलंय. आता मुद्दल परत आल्यानं तो वाद मिटला. पण रिफंड वळता झाला, म्हणजे त्या तारखेला सोसायटीनं तेवढी रक्कम भरली असाच त्याचा अर्थ. 'आम्ही रोख भरले नव्हते, त्यावर व्याज कसलं' अशी शंका कमिटीत कुणी काढली तर तिथंच उत्तर द्या. शिवाय २०२०-२१ च्या इंटिमेशनवर, म्हणजे रिटर्न तपासून खात्यानं पाठवलेल्या हिशेबावर, एकदा नजर टाका. तुमचं रिटर्न मुदतीत भरलेलं असेल, तर वळता करेपर्यंतचं, म्हणजे एप्रिल २०२० पासून जानेवारी २०२१ पर्यंतचं व्याज त्या १,८४,००० मध्ये धरलेलं दिसायला हवं. नसेल तर तो आणखी एक वेगळा मुद्दा.

व्याज चुकण्याचं एक नेहमीचं कारण चलनावरच सापडतं. डिमांडीपोटी भरलेल्या पैशाच्या चलनावर मायनर हेड, म्हणजे पैसा कोणत्या प्रकारचा कर म्हणून भरला ते सांगणारा क्रमांक, ४०० असावा लागतो. घाईत ३०० टाकला गेला तर तो पैसा स्वतःहून भरलेला कर म्हणून नोंदला जातो, आणि रिफंडाच्या हिशेबात त्याची तारीख भलतीकडंच जाते. १८ फेब्रुवारी २०२० चं चलन काढा आणि त्यावरचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), चलन क्रमांक, तारीख आणि मायनर हेड डोळ्यांखालून घाला. मग फॉर्म २६-एएस, म्हणजे सोसायटीच्या कराचा खात्याकडचा उतारा, काढा; त्यामध्ये रिफंडाचा तक्ता असतो तो पाहा. त्यात रकमेशेजारी व्याजाचा वेगळा रकाना आहे. तिथं १६,६६० दिसले की तुमचा अर्ज अर्धा झालाच.

अर्ज कलम १५४ खाली करायचा, म्हणजे कागदावरून उघड दिसणारी चूक दुरुस्त करण्यासाठी. ज्या आदेशानं निकाल अमलात आणून रिफंड काढला, त्या आदेशाविरुद्ध हा अर्ज जातो. त्यासाठी त्या आर्थिक वर्षाअखेरीपासून चार वर्षांची मुदत आहे. आदेश २०२४-२५ मधला, त्यामुळं ३१ मार्च २०२९ पर्यंत तुम्हाला वेळ आहे. पण तेवढं थांबण्याचं काही कारण नाही. अर्ज मिळाला तो महिना संपल्यापासून सहा महिन्यांत अधिकाऱ्यानं त्यावर आदेश द्यायचा असतो. पोर्टलवरून अर्ज करा आणि सोबत एका पानाचा तक्ता जोडा: कोणती रक्कम, कोणत्या तारखेला गेली, किती महिने, किती व्याज, किती मिळालं, किती बाकी. मुद्दा तारखांचा आहे, तो तक्त्यातच दिसू द्या. लांबलचक कैफियत लिहू नका. सहा महिन्यांत हालचाल झाली नाही तर पोर्टलवरच ई-निवारणमध्ये तक्रार टाका. अर्ज फेटाळला तर त्यावर कमिशनर अपील्सकडं अपील करता येतं. धारवाडच्या हायकोर्ट खंडपीठात रिट करण्याचा सल्ला कुणी दिला, तर सव्वा लाखासाठी वकिलाचा खर्च किती होईल ते आधी विचारा.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू होतो म्हणून जुनं व्याज बुडेल, अशीही एक चर्चा गावोगावी ऐकू येते. तसं होत नाही. जुन्या वर्षांच्या बाबी जुन्या कायद्यानंच चालतात.

तारीख वाढवून मागितल्याबद्दल. कलम २४४-ए च्या पोटकलम २ प्रमाणे करदात्यामुळं झालेल्या उशिराचा काळ व्याजातून वगळता येतो, हे खरं. पण किती काळ वगळायचा याबद्दल वाद असेल तर तो असेसिंग ऑफिसरनं आपल्या मर्जीनं मिटवायचा नसतो; तो निर्णय कमिशनर किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा असतो. तुमच्या बाबतीत असा काही निर्णय झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. दोन तारखा वाढवल्या म्हणून चार-साडेचार वर्षांचं व्याज गिळता येत नाही. फार झालं तर त्या दोन तारखांपुरता काळ वादात येईल, आणि तोही सकारण लेखी निर्णयानं.

आता तुमच्या डायरेक्टरांची भीती. ती मी हसण्यावारी नेत नाही. त्यांनी जे उदाहरण दिलंय ते खरं आहे आणि या देशातल्या करदात्यांना त्यानं बरंच काही शिकवलंय.

२००७ मध्ये व्होडाफोननं हचिसनकडून केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर विकत घेतला. त्या एका शेअरबरोबर भारतातल्या मोबाईल धंद्यातला मोठा वाटा त्यांच्या हातात आला. सौदा सुमारे ११ अब्ज डॉलरचा होता. मालमत्ता भारतातली, मग कर कापून का नाही भरला, असं खात्याचं म्हणणं. २० जानेवारी २०१२ रोजी सुप्रीम कोर्टानं व्होडाफोनच्या बाजूनं निकाल दिला आणि कंपनीनं भरलेले २,५०० कोटी रुपये ४ टक्के व्याजानं परत करायला सांगितलं. त्यानंतरच्याच बजेटमध्ये प्रणव मुखर्जींनी कायद्यात स्पष्टीकरण घातलं, आणि ते १ एप्रिल १९६२ पासून लागू आहे असं म्हटलं. पन्नास वर्षं मागं. जिंकलेला खटला कागदावरच राहिला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादांनी आधी व्होडाफोनच्या आणि मग याच दुरुस्तीखाली कर वसूल झालेल्या केर्न एनर्जीच्या बाजूनं निकाल दिले. ऑगस्ट २०२१ मध्ये निर्मला सीतारामन यांनी दुरुस्ती कायदा आणला, २८ मे २०१२ पूर्वीच्या व्यवहारांवरची अशी मागणी रद्द केली आणि वसूल केलेली रक्कम परत देऊ केली. पण अट घातली: सगळे दावे मागं घ्या, आणि व्याज मिळणार नाही. केर्नला २०२२ च्या सुरुवातीला सुमारे ७,९०० कोटी रुपये परत मिळाले. वर्षानुवर्षं अडकलेल्या पैशावर व्याज शून्य.

माझ्या मते २०१२ चा तो कायदा अन्यायकारक होता, आणि २०२१ मध्ये चूक सुधारतानाही व्याज नाकारणं म्हणजे सुधारणा अर्धवट सोडणं होतं. ज्यानं व्यवहार केला त्यानं त्या दिवशीचा कायदा पाहून केला. कायदा पन्नास वर्षं मागं ओढायचा, मग पैसे वसूल करायचे, मग चूक झाली म्हणून मुद्दल तेवढं परत करायचं, यात त्या मधल्या वर्षांचं नुकसान कुणी सोसायचं? तुमच्या सोसायटीचा प्रश्न रकमेनं कितीतरी लहान, पण जातीनं हाच आहे.

तरीही डायरेक्टरांनी त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. उद्या संसदेनं खरोखरच मागल्या तारखेपासून कायदा करून ८०-पी ची वजावट काढून घेतली, तर ती सगळ्यांची काढून घेतली जाईल. तुम्ही व्याज मागितलं होतं की नाही हे पाहून कायदा लागू होत नाही. १,२३,१६० रुपये सोडून दिल्यानं मिळालेल्या ४,९२,६६० रुपयांना कसलंही कवच मिळत नाही. मग सोडायचे कशासाठी?

संसदेला मागल्या तारखेपासून कर लावण्याचा अधिकार आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कोर्ट तसा अर्थ सहजासहजी लावत नाही. २०१४ मध्ये वाटिका टाउनशिपच्या खटल्यात घटनापीठानं सांगितलं की करदात्यावर नवा बोजा टाकणारी तरतूद पुढच्या काळासाठीच आहे असं धरायचं, कायद्यानं स्पष्ट शब्दांत वेगळं म्हटलं नसेल तर. सोसायट्यांच्या बाबतीतला इतिहासही पाहा. सहकारी बँकांची ८०-पी ची सवलत २००६ च्या फायनान्स अॅक्टनं काढून घेतली, पण ती करनिर्धारण वर्ष २००७-०८ पासून पुढं. प्राथमिक कृषी पतसंस्थांना त्यातून वगळलेलं होतं. २०२१ च्या जानेवारीत मविलायी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं अशा सोसायट्यांना ८०-पी चा लाभ कायम ठेवला. या निकालानंतर गावोगावच्या क्रेडिट सोसायट्यांची बरीच अपिलं सुटली.

रिफंडावरच्या व्याजाचा दरही सरकारनं वेळोवेळी खाली आणला. १९८९ मध्ये महिन्याला दीड टक्का होता. १९९१ मध्ये १, २००१ मध्ये पाऊण, २००२ मध्ये दोन तृतीयांश, आणि ८ सप्टेंबर २००३ पासून अर्धा टक्का. मात्र प्रत्येक वेळी नवा दर त्या तारखेनंतरच्या महिन्यांनाच लागला. आधीचे महिने आधीच्या दरानंच मोजले गेले. त्या काळातल्या जुन्या आदेशांत एकाच रिफंडावर तीन-तीन दरांचे तुकडे दिसतात ते त्यामुळंच.

डायरेक्टरांच्या बाजूचं एक उदाहरण मात्र मी लपवणार नाही, आणि ते व्होडाफोनपेक्षा तुमच्या विषयाला जवळचं आहे. जास्त दिला गेलेला रिफंड परत घेताना व्याज लावणारं कलम २३४-डी १ जून २००३ पासून आलं. त्याआधीच्या वर्षांना ते लागू नाही, असे निर्णय करदात्यांच्या बाजूनं झाले. मग २०१२ च्या त्याच फायनान्स अॅक्टनं स्पष्टीकरण घातलं की निर्धारण १ जून २००३ नंतर पूर्ण झालं असेल तर आधीच्या वर्षांनाही ते लागू. त्या वेळी व्होडाफोनच्या बातम्यांत हा बदल दबून गेला, पण लहान करदात्यांनाही त्याची झळ बसली. म्हणजे असं कधीच होत नाही, असं मी म्हणणार नाही.

उलट दिशेचं उदाहरण आपल्या उंबऱ्यावर आहे. उसाला ठरल्यापेक्षा जास्त दिलेला दर हा कारखान्याचा खर्च नसून सभासदांना वाटलेला नफा आहे, असं म्हणत खातं सहकारी साखर कारखान्यांवर वर्षानुवर्षं कर लावत आलं. संकेश्वर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कुठल्याही ऊस उत्पादकाला हा वाद माहीत आहे. सरकारनं मंजूर केलेल्या दरापर्यंतची रक्कम २०१५ मध्ये कायद्यानं खर्च म्हणून मान्य केली, तीही करनिर्धारण वर्ष २०१६-१७ पासून पुढं. २०२३ च्या बजेटमध्ये मग त्याआधीच्या वर्षांसाठीही अर्ज करून हिशेब दुरुस्त करून घेण्याची सोय झाली. सुमारे १०,००० कोटींचा दिलासा असं अर्थमंत्र्यांनी त्या वेळी सांगितलं. मागं जाणारा कायदा दिलासा द्यायलाही येतो. पण इथंही सवलत अर्ज करणाऱ्या कारखान्यालाच होती. गप्प बसणाऱ्याच्या दारात ती चालत आली नाही.

तुमचे पैसे परत जाण्याचा खरा मार्ग एकच होता: खात्यानं पणजीच्या अपिलीय न्यायाधिकरणात अपील करून जिंकणं. तसं झालं असतं तर मुद्दल गेलं असतं, त्यावरचं व्याजही गेलं असतं, आणि मूळ डिमांडीवर महिन्याला १ टक्क्याचं व्याज पुन्हा उभं राहिलं असतं. तेव्हा डायरेक्टरांनी घाबरायचंच असेल तर याला घाबरावं. पण १७ सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानं न्यायाधिकरणात जाण्यासाठीची मर्यादा ६० लाख रुपये केली. कराचा वाद त्याहून कमी रकमेचा असेल तर खातं, काही ठरावीक अपवाद सोडता, अपील करत नाही. तुमची सगळी डिमांडच साडेचौदा लाखांच्या घरातली. शिवाय अपिलाची मुदतही केव्हाच उलटली. तरी खात्री म्हणून तुमच्या सीएना न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर सोसायटीच्या नावानं एकदा शोधायला सांगा.

फाईल पुन्हा उघडण्याचं म्हणाल, तर २०१७-१८ चं वर्ष नव्यानं उघडण्याची मुदतही संपलेली आहे. आजच्या नियमात मोठ्या रकमेच्या प्रकरणांतसुद्धा ती करनिर्धारण वर्ष संपल्यापासून सव्वापाच वर्षांपलीकडं जात नाही. १५४ चा अर्ज व्याजाच्या गणितापुरता असतो. त्यातून कुणी तुमची कर्जखाती तपासायला बसत नाही.

एक सावधगिरी. व्याजावर व्याज मागू नका. पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीला २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशी भरपाई दिली होती आणि अजूनही लोक ते उदाहरण देतात. पण ती वर्षानुवर्षांची प्रचंड दिरंगाई होती, आणि २०१३ मध्ये गुजरात फ्लोरो केमिकल्सच्या निकालात कोर्टानं खुलासा केला की कायद्यात लिहिलेलं व्याज तेवढंच मिळेल. तुमचा अर्ज साधा आहे. त्यात वादाचा मुद्दा घुसवलात तर उघड दिसणारी चूक हे त्याचं बळच जाईल.

राहिला हिशेबाचा प्रश्न. आलेले १६,६६० रुपये नफ्यात न धरता बाजूला ठेवणं चुकीचं. रिफंडावरचं व्याज हे उत्पन्न आहे, मिळालं त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये इतर मार्गांचं उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं, आणि सभासदांना दिलेल्या कर्जावरच्या व्याजासारखी त्याला ८०-पी ची वजावट मिळत नाही. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये ते दाखवलंय का, हे आजच सीएना विचारा. खात्याकडं त्याची नोंद आधीच आहे. मुद्दल ४,७६,००० मात्र उत्पन्न नव्हे. ते आयकर येणे म्हणून ताळेबंदात उभं असेल, तिथून कमी करा. मागितलेले १,२३,१६० रुपये हातात येईपर्यंत लाभांशासाठी वाटप योग्य नफ्यात धरू नका. आल्यावर त्यातला कराचा भाग आधी बाजूला काढा.

तुमच्याकडं लेखापरीक्षणाचे कागद कन्नडमध्ये, इन्कम टॅक्सच्या नोटिसा इंग्रजीत आणि कमिटीची चर्चा मराठीत. अशा ठिकाणी पोर्टलवरची सूचना सीएच्या ईमेलवर येऊन पडते आणि कमिटीला सहा महिन्यांनी कळते, हे या भागातल्या कितीतरी सोसायट्यांचं दुखणं आहे. पोर्टलवर सोसायटीचा स्वतःचा ईमेल आणि तुमचा मोबाईल नंबर नोंदवून घ्या. अर्जावरची नोटीस आली आणि उत्तर राहिलं, तर तो उशीर मात्र खरोखर तुमचा धरला जाईल.

येत्या बैठकीत हा तक्ता सगळ्यांसमोर ठेवा, डायरेक्टरांचा आक्षेप इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि ठराव मंजूर करा: करनिर्धारण वर्ष २०१७-१८ च्या रिफंडावरचं कमी मिळालेलं व्याज १,२३,१६० रुपये मागण्यासाठी कलम १५४ खाली अर्ज करण्याचे अधिकार चेअरमन आणि सेक्रेटरी यांना देण्यात येत आहेत. ठरावाची इंग्रजी प्रत अर्जाला जोडा.